पाच टनांचा नियम

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या पेढीच्या वह्या चाळायला घेतल्या, तर मालाच्या रवानगीच्या नोंदींत ‘बार्शी रोड’ हे नाव जागोजागी आढळते. आजच्या तरुण पिढीला हे नाव एखाद्या रस्त्याचे वाटेल. प्रत्यक्षात ते कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर उतरायचे आणि तेथून फलाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसून बार्शीला जायचे, असा प्रवास आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांनी केला. त्या गाडीला सारा मुलूख ‘बार्शी लाइट’ म्हणत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते.

लहानपणी ती गाडी म्हणजे आम्हा मुलांना खेळणेच वाटे. मोठी माणसे तिच्या संथपणाची थट्टा करीत. परंतु ती कोणी आखली, तिची रुंदी अडीच फूटच का ठेवली, आणि एवढ्याशा रुळांवरून बाजारपेठेचा सारा माल शंभरांहून अधिक वर्षे कसा वाहिला गेला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. या प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज अभियंत्याच्या चरित्रात आहे. त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी त्यांचे ऋण मानावे असा हा पुरुष आहे. आणि त्यांच्या कामामागचे तत्त्व तर रुळांपुरते मर्यादित नाही, पेढीलाही ते तितकेच लागू पडते. म्हणून या वेळच्या सदरात त्यांचे स्मरण करीत आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० पर्यंत मुंबईहून पुणे व दौंडच्या बाजूने सोलापूरला येऊन पोहोचला होता. मात्र बार्शी हे गाव त्या मार्गापासून सुमारे २१ मैल आत राहिले. बार्शी ही जिल्ह्यातील मोठी बाजारपेठ. बालाघाटाच्या डोंगरापलीकडे निजामाचे राज्य होते. त्या मुलखातला कापूस, जवस, गळिताची धान्ये घाट उतरून बार्शीच्या बाजारात येत. तेथून मालाला मुंबईची वाट धरायची म्हणजे बैलगाड्यांचा तांडा बार्शी रोडपर्यंत न्यावा लागे. उन्हाळ्यात बैलांना पाणी मिळत नसे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चाके आसापर्यंत रुतत. मुंबईचा भाव तारेने तासाभरात कळे. पण तो भाव साधण्यासाठी लागणारा माल चिखलात अडकून पडलेला असे. व्यापाऱ्याचा तोटा लांबच्या प्रवासात होत नव्हता, तो या शेवटच्या वीस मैलांत होत होता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. अपिंगहॅम येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी कामाला सुरुवात केली आणि १८७४ पासून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील प्रसिद्ध कारखान्यात उमेदवारी केली. त्यानंतर काही काळ ग्रेट वेस्टर्न रेल्वेत काढून १८८२ साली ते हिंदुस्थानात आले आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. नोकरी चांगली होती, पगार चांगला होता. मोठ्या मार्गावरील इंजिने तपासत राहिले असते, तर निवृत्तिवेतन घेऊन ते सुखाने मायदेशी परतले असते.

पण या माणसाची नजर मोठ्या मार्गावरून सारखी बाजूला जाई. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या बैलगाड्यांच्या रांगा त्यांना दिसत होत्या. मोठ्या लोहमार्गाला मालाचा पुरवठा करणाऱ्या छोट्या पूरक मार्गांची या देशाला गरज आहे, हे त्यांच्या मनाने घेतले. १८८६ साली त्यांनी रजा काढली आणि अशा मार्गांची पाहणी केली. लंडनमध्ये त्यासाठी कंपनी उभी करण्याच्या खटपटीला ते लागले. अखेर या ध्यासापायी त्यांनी नोकरीही सोडली.

पुढची वर्षे खडतर गेली. सरकारदरबारी प्रस्ताव जात, शेरे मारून परत येत. मधल्या काळात ते मायदेशी परतले आणि सल्लागार अभियंता म्हणून त्यांनी उपजीविका चालविली. पण बार्शीचा नाद सोडला नाही. अखेर १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिचा सरकारशी करार झाला. पहिल्या पाहणीपासून करारापर्यंत जवळजवळ नऊ वर्षे गेली होती. एखाद्या व्यवहारात नऊ महिने थांबावे लागले तरी आपला जीव कासावीस होतो. येथे माणसाने नोकरी, पैसा आणि उमेदीची वर्षे पणाला लावली होती, आणि तीही अशा गावासाठी जेथे त्याचे ना घर होते, ना दुकान.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कॅलथ्रॉप यांच्या कामातील खरी नवी कल्पना कोणती होती? अरुंद लोहमार्ग त्यांच्या आधीही होते. पण बहुतेक ठिकाणी अरुंद मार्ग म्हणजे मोठ्या मार्गाची स्वस्त, दुबळी नक्कल, असे स्वरूप असे. कॅलथ्रॉप यांनी प्रश्न मुळापासून मांडला. लोहमार्गाचा खर्च कशावर ठरतो? रूळ किती जाड हवेत, पूल किती भक्कम हवेत, हे कशावर अवलंबून असते? गाडीच्या एकूण वजनावर, असे सामान्य माणूस म्हणेल. ते उत्तर अपुरे आहे. गाडी लांब असते, तिचे वजन अनेक चाकांवर विभागलेले असते. रुळाच्या एका ठिकाणी एका वेळी एकाच चाकाचा दाब पडतो. म्हणून रूळ किती जाड हवा, हे सर्वांत जड चाकावरून ठरते. दोन चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा असतो त्याला आस म्हणतात. एका आसावर किती भार पडतो, हा लोहमार्गाच्या अर्थशास्त्राचा पाया आहे. सगळे डबे हलके असले आणि इंजिनाचा एकच आस जड असला, तरी संपूर्ण मार्ग त्या एका आसासाठी जाड व महाग करावा लागतो. आणि मग त्या जाड रुळांवरून हलके डबे धावत राहतात. भांडवल रुळांत पडून राहते, त्याचा उपयोग होत नाही.

कॅलथ्रॉप यांनी नियम केला, की आपल्या मार्गावर कोणत्याही वाहनाच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडणार नाही. मात्र प्रत्येक आस त्या मर्यादेपर्यंत पुरेपूर वापरला जाईल. इंजिनालाही हाच नियम आणि मालाच्या डब्यालाही हाच. या नियमामुळे यार्डाला अवघ्या ३० पौंड वजनाचा रूळ पुरेसा ठरला. मोठ्या मार्गावरचे रूळ याच्या दुपटीहूनही जड असत. रूळ हलका, म्हणून पूल हलके. रुंदी कमी, म्हणून वळणे जमिनीच्या चढउतारांप्रमाणे घेता येत, भराव आणि खोदाई कमी. चार आसांचा मालडबा भरल्यावर वीस टनांपर्यंत जाऊ शकत होता. अडीच फुटांच्या रुळांवर हा आकडा त्या काळी अनेकांना खरा वाटत नसे.

नियम करणे सोपे, त्याप्रमाणे यंत्र घडविणे कठीण. ताकदवान इंजिन हवे, पण एकाही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नको, ही अट ऐकून कोणताही कारखानदार बिचकला असता. लीड्स येथील किटसन कंपनीने कॅलथ्रॉप यांच्या मागणीप्रमाणे इंजिने तयार केली. ओढणारी चाके आठ आणि मागे आधाराची चार. असे सहा आस, आणि सुमारे तीस टनांचा भार त्यांवर विभागलेला. मालडबे लीड्स फोर्ज कंपनीने दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचे केले. त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन घटले आणि तितकाच अधिक माल भरता येऊ लागला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर बारदानाचे वजन कमी आणि मालाचे जास्त. हे सारे जहाजावर चढविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले या ठिकाणी मुद्दाम रूळ टाकून गाडी चालवून दाखविण्यात आली. दूर देशातील एका तालुक्याच्या गावासाठी केलेली ही सिद्धता पाहून इंग्लंडातील रेल्वेतज्ज्ञही चकित झाले.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघत होता. चाऱ्यावाचून जनावरे मरत होती. जेथे बैलच उरले नाहीत तेथे धान्य वाहायचे कशाने? अशा वर्षी या मुलखाला बैलाच्या पायांवर अवलंबून नसलेले पहिले वाहन मिळाले. व्यापाराच्या सोयीसाठी टाकलेला रूळ संकटात अन्नाची वाट होऊ शकतो, हे लोकांनी प्रथमच पाहिले.

पुढे या मार्गाचा विस्तार झाला. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गाडी गेली आणि आषाढी-कार्तिकीला तिचे डबे वारकऱ्यांनी ओसंडून वाहू लागले. दुसऱ्या बाजूने मार्ग बार्शीच्या पुढे निजामाच्या मुलखात शिरला आणि १९११ साली लातूरला पोहोचला. आज लातूरची बाजारपेठ डाळी आणि तेलबियांसाठी देशभर ओळखली जाते. तिच्या भरभराटीची सुरुवात या अडीच फुटांच्या रुळांनी झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा टप्पा पूर्ण झाला आणि मार्गाची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली.

या विस्ताराच्या कथेत आपल्या समाजाला अभिमानास्पद असा एक धागा आहे. सोलापूरच्या एका जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेला एक तरुण सावकारी आणि कापसाच्या घरच्या धंद्यात रमला नाही. रेल्वेतील कारकुनी सोडलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्याने भागीदारी केली आणि दोघांनी मिळून रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम होते. तो तरुण म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, जहाजांची कंपनी, विमानांचा कारखाना, साखर कारखाना अशी त्यांची झेप सर्वांना ठाऊक आहे. पण त्या झेपेची पहिली पावले या छोट्या रुळांच्या बाजूने पडली. मातीकाम, खडी, मजुरांचा हिशेब आणि वेळेवर काम पुरे करण्याची शिस्त हे सारे त्यांनी येथे शिकून घेतले. एका मोठ्या अभियंत्याच्या कामाचा वारसा असाही असतो. त्याच्या कामावर हात बसलेली माणसे पुढे स्वतःची कामे उभी करतात.

कॅलथ्रॉप यांच्या योजनेवर आक्षेपही होते, आणि ते खोटे नव्हते. सर्वांत मोठा आक्षेप मालाच्या अदलाबदलीचा. छोट्या गाडीतून आलेले पोते कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. त्यात वेळ जाई, हमाली पडे, पोती फाटत, वजनात तूट येई. आमच्या आजोबांच्या वहीत ‘कुर्डुवाडी तूट’ असे स्वतंत्र खातेच होते. यावर कॅलथ्रॉप यांचे म्हणणे व्यापाऱ्याला पटेल असेच होते. मोठा मार्ग टाकायचा तर त्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचे व्याज दरवर्षी भरावे लागेल, आणि ते अदलाबदलीच्या हमालीच्या कैक पट असेल. एवढे उत्पन्न या मुलखात आज नाही. म्हणजे मोठ्या मार्गाचा आग्रह धरला तर मोठा मार्ग मिळणार नाही, काहीच मिळणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हण. कॅलथ्रॉप यांनी अंथरुणाचे माप अचूक घेतले आणि त्यावर पाय पुरेपूर पसरले. पुष्कळ लोक पहिल्या अर्ध्या भागातच थांबतात. काटकसर करतात, पण हाती असलेल्या साधनाचा पुरता उपयोग करीत नाहीत.

बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉप यांचे नाव झाले. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गाचे काम त्यांनी पाहिले. तो १९०४ साली सुरू झाला. तेथे त्यांनी अदलाबदलीच्या आक्षेपावरही तोड काढली. मोठ्या मार्गाचा भरलेला डबाच उचलून आपल्या पाठीवर घेणारे एक वाहन त्यांनी योजले, म्हणजे माल उतरविण्याची गरजच नाही. बार्शीत ऐकलेली तक्रार ते विसरले नव्हते.

त्यांच्या स्वभावाची आणखी एक बाजू आपल्या वाचकांना आवडेल. त्यांना अरबी घोड्यांचे वेड होते. घोडे पाळावे, वाढवावे, आणि त्यांना चाबकाने न शिकविता मायेने शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे. घोड्याला सोबती आणि मित्र मानावे, या विषयावर त्यांनी १९२० साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. यंत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाची मुक्या प्राण्याविषयीची ही करुणा विलक्षण आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते एका वेगळ्याच कामाला लागले. १९१० साली त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइस या नावातील रोल्स, विमान कोसळून मरण पावले. विमान मोडले तरी माणूस वाचला पाहिजे, या विचाराने कॅलथ्रॉप यांनी हवाई छत्री तयार करण्यास आरंभ केला. अनेक प्रयोगांनंतर त्यांनी ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत, या नावाची छत्री सिद्ध केली. पहिल्या महायुद्धात तिच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तरीही ब्रिटिश सैन्याने आपल्या वैमानिकांना ती दिली नाही. छत्रीचे वजन आणि जागा अडचणीची आहे असे सांगण्यात आले. शिवाय छत्री हाताशी असली तर वैमानिक विमान वाचविण्याआधीच उडी घेईल, अशीही शंका होती. कॅलथ्रॉप यांना याचे फार दुःख झाले. बार्शीसाठी त्यांनी नऊ वर्षे वाट पाहिली होती आणि शेवटी रूळ पडले. येथे मात्र वाट पाहण्याच्या काळात तरुण माणसे मरत होती.

३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा बार्शीचा मार्ग मिरजेला पोहोचून पूर्णत्वास गेला.

आता थोडे घरचे सांगतो, कारण पाच टनांचा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. आमची आडत थोरले काका एकहाती सांभाळीत. खरेदी, उधारी, बँक, वखार, सगळे त्यांच्याकडे. धाकटे दोघे काका आणि माझे वडील दुकानात असत. पण निर्णय सोडाच, खतावणीची किल्लीही त्यांच्या हाती नसे. घरात कोणाला याचे वावगे वाटत नव्हते. थोरले आहेत ना, मग चिंता कशाची, असे सगळे म्हणत. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या एका दिवाळीला, ऐन हंगामात, थोरल्या काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. कोणत्या शेतकऱ्याचे किती देणे, कोणाची हुंडी केव्हा, कोणाला तोंडी शब्द दिलेला, यांतले निम्मे वहीत नव्हतेच. ते त्यांच्या डोक्यात होते. शेतकरी ओट्यावर येऊन बसत आणि आम्हाला त्यांच्या डोळ्यांत पाहवत नसे. पेढीची अब्रू त्या वर्षी थोडक्यात वाचली.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या दुकानी नेहमी येत. ते काकांना पाहायला आले. बाहेर पडताना माझ्या वडिलांना म्हणाले, “शेठ, आमच्या बार्शी लाइटचं इंजिन एवढं मोठं, पण कुठल्याही आसावर पाच टनांवर वजन जायचं नाही. सगळ्यांनी सारखं उचलायचं. तुम्ही तर सगळी गाडी एकाच आसावर घातली होती.” वडील काही बोलले नाहीत. पण त्या पाडव्याला वह्यांचे पूजन झाल्यावर त्यांनी चार खाती चार भावांच्या घरांत वाटून दिली, आणि उधारीची वही प्रथमच माझ्या आईच्या हाती दिली. ती सातवी शिकलेली होती. तिच्या वहीत शेवटपर्यंत एका रुपयाची चूक निघाली नाही. थोरले काका पुढे अकरा वर्षे होते. बोलता येत नसे, पण दुकानात येऊन बसत आणि हात उचलून आम्हाला धीर देत. कधी कधी मला वाटते, त्यांच्यावरचा भार दहा वर्षे आधी वाटून घेतला असता तर त्यांची वाचाही राहिली असती.

आपल्या किती घरांत आजही एकच आस सारी गाडी ओढतो आहे! कोठे तो थोरला भाऊ असतो, कोठे वडील, कोठे घरातील सून. आपण त्यांचे कौतुक करतो आणि त्या कौतुकाआड स्वतःचा भार त्यांच्यावर टाकतो. बाकीचे डबे रिकामे धावत असतात. आणि भार उचलणाऱ्यालाही, आपल्याशिवाय चालणार नाही, याचा सूक्ष्म अभिमान असतो. दोघेही चुकतात.

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. पुढे मालमोटारी आल्या, काळ बदलला. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरज ते पंढरपूर या मार्गांवर ब्रॉडगेज रूळ आले. छोटी गाडी इतिहासजमा झाली. शेवटच्या गाडीला निरोप द्यायला स्थानकांवर गर्दी लोटली होती. काहींनी डोळे पुसले. मीही त्यांत होतो. पण दुःख करण्याचे कारण नाही. एका लहान गोष्टीने आपल्या अंगणात मोठी गोष्ट येण्याइतके उत्पन्न वाढविले, तर तिचे काम सफल झाले असे समजावे.

याची साक्ष एप्रिल २०१६ मध्ये मिळाली. लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते. धरणे कोरडी पडली, नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नव्हते. तेव्हा मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. त्या गाडीचा मार्ग कोणता होता? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ज्या वाटेने एका इंग्रज अभियंत्याची छोटी गाडी धावली, त्याच वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून पाणी आले. रूळ नवे होते, रुंदी नवी होती, भारही कितीतरी पट होता. पण या दुष्काळी मुलखातून रेल्वे गेली पाहिजे हा आग्रह जुना होता. दुष्काळाच्या वर्षी सुरू झालेल्या वाटेने एकशे एकोणीस वर्षांनी दुष्काळातच पुन्हा माणसे जगविली.

बार्शी किंवा लातूरकडे कधी रेल्वेने जाण्याचा योग आला, तर कुर्डुवाडी सोडल्यावर क्षणभर खिडकीबाहेर पाहावे. आणि घरी परतल्यावर, पेढीवर किंवा स्वयंपाकघरात, सर्वांत जड आस कोणाचा आहे, हे एकदा शोधावे. त्याच्यावरचे चार पायली ओझे आपल्याकडे घ्यावे. कॅलथ्रॉप यांना वाहिलेली आदरांजली याहून वेगळी असण्याची गरज नाही.